कॅमेरा कुणाच्या खांद्यावर

दिवाळीची झाडलोट झाली की लोणावळ्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या माळ्यांवरून व्हिडिओ कॅसेटी खाली येतात. एरवी वर्षभर त्यांची कुणाला याद नसते. माळा झाडताना गाठोडं हाती लागतं, कुणीतरी धूळ पुसून चिठ्ठी वाचतं, "अगं, ही तर आपल्या लग्नाची," आणि मग ध्यानात येतं की कॅसेट आहे, पण ती लावायला घरात व्हीसीआर नाही. अशी मंडळी विचारत विचारत वलवणला मकसूद आतारांच्या दारात येऊन उभी राहायची.

मकसूदभाईंनी पासष्टी ओलांडली होती. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मावळात लग्नं, बारशी आणि वास्तुशांती शूट करण्यात घालवली. बाजारातलं दुकान आता एका मोबाइलवाल्याला दिलं होतं. घराच्या पुढच्या खोलीत दोन जुने व्हीसीआर, एक लॅपटॉप, या दोघांना जोडणारी काडेपेटीएवढी डबी आणि बघायला एक मोठा टीव्ही, एवढ्यावर त्यांचा उद्योग चालायचा. कॅसेट आली की ते आधी तिचं पुढचं झाकण उचलून फितीचा वास घ्यायचे. लोणावळ्याची ओल पावसाळ्यात लोखंडी कपाटातसुद्धा शिरते, तिथे कॅसेटचं काय. आत पांढरी बुरशी धरलेली असली की कॅसेट उघडायची, फीत बोटभर पुढे घेत घेत स्पिरिट लावलेल्या मऊ फडक्याने पुसायची, ते उडेपर्यंत थांबायचं. मग कुठे ती मशीनला लावायची.

या कामात घाई चालत नाही. दोन तासांचं लग्न कॉम्प्युटरवर यायला दोन तासच घेतं. तेवढा वेळ समोर बसून राहावं लागतं, फीत अडकली तर बंद करायला. मकसूदभाईंना ते बसणं आवडायचं. बहुतेक कॅसेटी त्यांनीच काढलेल्या असायच्या. ज्यांच्या मयताला ते स्वतः जाऊन आले होते अशी माणसं पडद्यावर जिलबी खात, पंगतीत आग्रह करत, मुंडावळ्या सावरत हिंडायची. चहाचा कप हातात धरून मकसूदभाई त्यांच्याकडे बघत बसायचे, आणि दुपार कशी गेली ते कळायचं नाही.

त्या नोव्हेंबरात त्यांची मुलगी जन्नत पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तळेगावला एका कंपनीत ती नोकरीला होती. सातवा महिना सरत आला होता, पायांवर सूज होती, म्हणून दिवसभर पुढच्या खोलीतल्या दिवाणावर पाय लांब करून बसायची आणि परक्यांची लग्नं मालिकेसारखी बघायची.

"अब्बा, साऱ्या मावळाच्या कॅसेटी झाल्या," ती एकदा म्हणाली. "आपल्या कधी करणार?"

"आपल्या काय पळून जातायत?"

"दिव्याखाली अंधार," जन्नतची आई अजीजुन्निसा स्वयंपाकघरातून म्हणाली.

मग माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. अजीजुन्निसाच्या जुन्या ओढणीत गुंडाळलेल्या, मध्ये मध्ये कडुनिंबाचा वाळका पाला घातलेल्या घरच्या कॅसेटी. ब्याण्णव ते चौऱ्याण्णव सालच्या. चिठ्ठ्यांवर मकसूदभाईंचं ठसठशीत अक्षर.

"यात तुम्ही कुठेच नसणार," जन्नत म्हणाली.

"मी तर सगळ्यात आहे. जे दिसतंय ते मीच बघितलेलं आहे ना."

"ते झालं बोलायला. उद्या बाळाने विचारलं, नाना कुठायत, तर त्याला मी काय दाखवू?"

मकसूदभाई हसले. पण फीत पुसताना ते बोलणं मनात घोळत राहिलं. पोरगी खोटं बोलत नव्हती. जगाचे सोहळे टिपणाऱ्या माणसाचे स्वतःचे फोटो म्हणजे निकाहाचा एक, लायसनवरचा एक आणि कुणाच्या तरी वरातीत अर्धवट आलेला एक.

पहिली कॅसेट जन्नतच्या पहिल्या वाढदिवसाची होती. जुन्या घराचं अंगण, दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या, केकला हात घालणारी जन्नत. अजीजुन्निसा तिचा हात धरून धरून दमलेली. मध्येच कॅमेरा खाली वळला, आणि शेणाने सारवलेल्या अंगणात कॅमेरा खांद्यावर घेतलेल्या माणसाची लांब सावली दिसली. मकसूदभाईंना गंमत वाटली. चला, सावली तरी आली म्हणायची.

त्या सावलीशेजारी आणखी एक सावली होती. कमरेवर डावा हात ठेवून कुणीतरी उभं होतं. शेजारपाजारचं असेल, असं म्हणून त्यांनी कप उचलला. पुढे रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांना आठवलं की कमरेवर डावा हात ठेवून उभं राहायची सवय त्यांची स्वतःची होती. अजीजुन्निसा त्यावरून त्यांना अजून टोकायची. मग खांद्यावर कॅमेरा घेतलेली सावली कुणाची, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, आणि कूस बदलून ते झोपून गेले.

दुसऱ्या कॅसेटीत ईद होती. शीरखुर्म्याचं पातेलं, नवीन कपडे, दारात पाहुण्यांच्या चपला. एके ठिकाणी चौकटीच्या कडेने एक हात आत आला, जन्नतच्या टोपड्याची गाठ सारखी करून परत गेला. चौकड्यांचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मनगटावर पट्ट्याचं घड्याळ. ते घड्याळ मकसूदभाईंना सासऱ्यांनी दिलं होतं.

त्यांनी कॅसेट थांबवली, मागे नेली, पुन्हा बघितली. खांद्यावरचा तो कॅमेरा चांगलाच जड होता. तो उजव्या हाताने पेलून डावा हात असा पुढे काढता येईल, पण तो डावीकडून यायचा. हा डावा होता, पण उजव्या बाजूने आला होता.

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. फीत जुनी, डोळे जुने. पुढची कॅसेट लावली.

ती तुंगार्लीच्या तळ्यावरची होती. ही कॅसेट त्यांना तोंडपाठ होती. लग्नसराई संपल्यावरची पहिली मोकळी सकाळ, बंधाऱ्याच्या भिंतीवर बसलेली अजीजुन्निसा, तिच्या मांडीवर लाल टोपी घातलेली जन्नत. पाण्यावरून उन्हाची तिरीप येते, अजीजुन्निसा कॅमेऱ्याकडे बघून म्हणते, "अहो, बस करा आता, तिच्या डोळ्यांत ऊन जातंय," आणि चित्र बंद होतं. पाहुणे आले की ही कॅसेट हमखास लागायची, आणि मकसूदभाईंचा धाकटा मेहुणा दर वेळी विचारायचा, "दुल्हेभाई कुठायत, पाण्यात?"

पडद्यावर बंधारा आला. पाणी आलं. लाल टोपी आली. आणि अजीजुन्निसाच्या शेजारी, भिंतीवर, मकसूदभाई बसलेले दिसले.

तेच होते ते. काळेभोर केस, बसकी गालफडं, तोच चौकड्यांचा शर्ट. पेरू कापत होते. चाकूच्या टोकावर फोड धरून त्यांनी अजीजुन्निसापुढे केली, मग एक स्वतःच्या तोंडात टाकली. कॅमेरा हळूच त्यांच्या चेहऱ्याजवळ गेला. तिथे जरा थांबला. मग त्यांच्या हातांवर उतरला, मग मानेवर, जिथे ते रुमालाने घाम पुसत होते. लग्नात नवरीच्या आईकडे मकसूदभाई कॅमेरा असाच न्यायचे, तिला कळणार नाही असा, पाऊल न वाजवता.

मग अजीजुन्निसाने कॅमेऱ्याकडे बघितलं. उन्हाने डोळे बारीक करून ती म्हणाली, "तुम्ही पण बसा ना थोडं. केव्हाचे उभे आहात."

दिवाणावर जन्नत सावरून बसली. "अब्बा, हे काय, तुम्ही आहात की. अम्मी, इकडे ये, अब्बा बघ."

अजीजुन्निसा ओले हात पदराला पुसत आली. दारातच उभी राहून तिने बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "किती बारीक होते हो तुम्ही. गालात नुसते खड्डे."

"कॅमेरा कुणाकडे दिला होतात?" जन्नतने विचारलं.

"असेल कुणीतरी," मकसूदभाई म्हणाले.

आनंदाने जन्नतचे डोळे भरून आले होते. या दिवसांत तिला कशानेही रडू यायचं. तिने मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला आणि नवऱ्याला पाठवला. त्या दुपारी घरात सगळं इतकं छान चाललं होतं की मकसूदभाईंना वेगळं काही बोलवेना.

पण दोघी आत गेल्यावर त्यांनी कॅसेट बाहेर काढली. चिठ्ठीवर त्यांचंच अक्षर. पुन्हा रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून कडेची टिकली त्यांनीच मोडून टाकलेली, तशीच मोडलेली. म्हणजे फितीवर नंतर कुणी काही घेतलेलं नव्हतं. स्टँडवर ठेवून शूट केलं म्हणावं तर कॅमेरा हलत होता, माणसाच्या छातीचा भाता वरखाली व्हावा तसा बारीक हलत होता. वाटसरूच्या हाती दिला म्हणावं तर त्या काळात तो कॅमेरा त्यांनी सख्ख्या भावाच्या हाती दिला नव्हता. आणि हे सगळं सोडलं तरी ही कॅसेट त्यांनी कितीदा तरी बघितली होती. ती अशी नव्हती.

ते स्वयंपाकघरात गेले. अजीजुन्निसा मेथी निवडत होती.

"त्या दिवशी तळ्यावर आपण कोण कोण होतो गं?"

"आपणच. तुम्ही, मी, जन्नत." तिने एक काडी मोडली. "आणि कॅमेरेवाले."

"कॅमेरेवाला मीच ना."

अजीजुन्निसाने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. चेष्टा करतायत का, असं तिला वाटलं असावं. "तुम्ही पेरू कापत होता," ती म्हणाली. "बिया फार होत्या त्यात."

मकसूदभाई तिथेच पाटावर बसले. बियांचं टीव्हीवर काही दिसलं नव्हतं.

त्यांचा थोरला भाऊ शेवटी शेवटी सगळं विसरला होता. स्वतःच्या दारात उभा राहून हे घर कुणाचं, म्हणून विचारायचा. ते दिवस मकसूदभाईंनी जवळून बघितले होते. भुताखेतांवर त्यांचा कधी विश्वास बसला नाही. माळरानातल्या वराती त्यांनी अमावास्येलाही शूट केल्या होत्या. पण डोकं जातं, माणसाचं डोकं हळूहळू आणि त्याच्या नकळत जातं, यावर त्यांचा पक्का विश्वास होता. आपल्या आयुष्यात एक माणूस होता आणि तो आपण विसरलो, ही भीती त्यांना त्या पेटीतल्या कुठल्याही चित्रापेक्षा मोठी वाटली.

खातरजमा करायला एकच माणूस उरला होता. टाकव्याचा आदिनाथ. लग्नांत तो मकसूदभाईंबरोबर लाइट धरायचा. पुढे व्हिडिओचा धंदा बदलला, तसा तो शेतीकडे वळला.

रविवारी सकाळी मकसूदभाईंनी स्कूटर काढली. हायवेला मुंबईच्या गाड्यांची रांग लागली होती. कामशेत मागे टाकून, कान्हे फाट्याला आत वळल्यावर रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना भात कापून झालेलं होतं. खाचरांत नुसते सड उरले होते आणि हवेत इंद्रायणी भाताच्या पेंढ्याचा गोडसर वास होता.

आदिनाथ खळ्यावर भात झोडत होता. मकसूदभाईंना बघून त्याने हातातली पेंढी खाली टाकली.

"भाई, तुमी? लय दिसानं वाट चुकलात."

त्याच्या बायकोने, शालनने, चहा आणला. इकडचं तिकडचं झालं. जन्नतचं ऐकून दोघांना बरं वाटलं. मग मकसूदभाईंनी विचारलं, "आदिनाथ, आपण लग्नं शूट करायचो, तेव्हा कॅमेरा मी कधी कुणाकडे द्यायचो का रे?"

"छ्या. तुमी कुनाला हात लावू देत न्हवता. मला सुदिक न्हाई."

मकसूदभाईंनी श्वास सोडला. निदान एवढं तरी डोक्यात बरोबर होतं.

आदिनाथने बशीतला चहा फुंकला. "त्यांच्याकडं असायचा तेवडाच," तो म्हणाला.

"कुणाकडे?"

"तुमच्या संगट यायचे त्ये. तुमचे भाऊ का कोन." आदिनाथ सहज बोलत होता. "तुमी जेवाया बसला, का जरा टेकला, की घ्यायचे. मला वाटायचं, घरचा मानूस हाय, त्येला चालतंय."

"माझ्याबरोबर कुणी येत नव्हतं, आदिनाथ. तू आणि मी, दोघंच असायचो."

आदिनाथने शालनकडे बघितलं. शालन म्हणाली, "आमच्या नणंदेच्या लग्नात नव्हते का व्हय आले? मी वाढलं की त्यांना. आपली तीन ताटं बाजूला लावलेली असायची, ह्यांचं सांगनंच असायचं."

"मी सगळीकडं तीन ताटं सांगायचो," आदिनाथ म्हणाला.

"आणि तिसरं ताट?"

"तिसऱ्या ताटाचं काय? जेवायचे की. पानात कधी काय टाकलं न्हाई त्यांनी."

कोंबड्या भाताचे दाणे टिपत होत्या. मकसूदभाईंनी कप खाली ठेवला.

"दिसायला कसे होते?"

आदिनाथ विचार करत राहिला. कपाळाला आठ्या घालून त्याने बराच वेळ आठवून बघितलं. "तोंड न्हाई बा येत डोळ्याफुडं," तो शेवटी म्हणाला. "त्यांची नजर तुमच्याकडं असायची सदा. म्हनून मग मी पन तुमच्याकडंच बघायचो." आणि थोड्या वेळाने, मकसूदभाईंचा चेहरा बघून, "मानूस चांगला व्हता, भाई. लाइटची वायर बायकांच्या पायात आली की गुमान उचलून धरायचा. कधी आवाज न्हाई, काय न्हाई."

निघताना शालनने जन्नतसाठी नवे तांदूळ बांधून दिले.

परतीच्या वाटेवर मकसूदभाईंनी एका बांधाशी स्कूटर उभी केली आणि उन्हात बसून राहिले. आपलं डोकं शाबूत आहे की नाही, हे विचारायला ते आले होते, आणि उत्तर घेऊन निघाले होते ते भलतंच. मनात भीती होतीच. पण तिच्याखाली दुसरंही काही होतं, उन्हाने तापलेल्या दगडाला पाठ टेकल्यासारखं. किती लग्नं त्यांनी उभ्याने काढली होती. नवरा-नवरी, मामा, वरमाया, सगळे त्यांच्याकडे तोंड करून हसायचे, आणि ते हसणं कॅमेऱ्यासाठी असायचं. कॅमेऱ्यामागे एक दमलेला माणूस उभा आहे हे कुणाच्या खिजगणतीत नव्हतं, असं ते जन्मभर धरून चालले होते. आता कळत होतं की कुणीतरी त्यांचं घाम पुसणंसुद्धा नीट जवळ जाऊन बघितलं होतं. ते उठले तेव्हा पाय हलके झाले होते.

पेटीत शेवटची कॅसेट उरली होती. तिला चिठ्ठी नव्हती. बुरशी इतकी की फितीची कड कुरतडल्यासारखी दिसत होती. जपून पुसली तरी एकदाच चालेल, फार तर. मध्येच तुटलीही असती.

"खराब झाली असेल तर राहू दे, अब्बा," जन्नत म्हणाली. "एवढं मिळालं तेच खूप आहे."

किती सोपं होतं. नाही चालत म्हणून कॅसेट पुन्हा ओढणीत गुंडाळली असती, तर कुणी एका शब्दाने विचारलं नसतं. मकसूदभाईंनी ती हातात घेऊन उलटसुलट केली. मग स्पिरिटची बाटली उघडली.

फीत पुसण्यात सोमवारची सकाळ गेली. दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी कॅसेट व्हीसीआरमध्ये सरकवली आणि मशीनशेजारी आपल्या स्टुलावर बसले. दार उघडं होतं. उन्हाचा पट्टा फरशीवरून दिवाणापर्यंत आला होता. जन्नत पाय लांब करून बसली होती, अजीजुन्निसा तिच्याजवळ शेंगा सोलत होती. टाकव्याच्या तांदळाचा भात सगळ्यांना आवडला होता आणि दोघी जरा पेंगुळल्या होत्या.

आधी पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या. मग पांढऱ्या रेघा. मग रंग.

वलवण धरणाखालची बाग. खडीची पायवाट, हिरवळ, मागे एक ठेंगणी भिंत. मकसूदभाई आणि अजीजुन्निसा खांद्याला खांदा लावून उभे, पुढ्यात फ्रॉक घातलेली, तीन वर्षांची जन्नत. तिघंही थेट कॅमेऱ्याकडे बघत होती. फोटोसाठी बघतात तसं नव्हे. घरातल्या माणसाकडे बघतात तसं.

"ही कुठली?" जन्नतने हळू आवाजात विचारलं.

मकसूदभाईंना आठवत नव्हतं. ही त्यांनी कधी बघितलीच नव्हती.

पडद्यावरच्या जन्नतने हात पुढे केला. "तू पण ये," ती म्हणाली.

चित्र हललं. खाली आलं. कॅमेरा कुणीतरी जपून कशावर तरी टेकवला. चित्र थोडं तिरपं झालं, पुढ्यात गवताची चार पाती मोठी होऊन आली. मग स्थिर झालं.

खडीवर पावलं वाजली.

ती कॅमेऱ्यामागून निघाली आणि डावीकडून वळसा घालून पुढे गेली. सावकाश. घाई नसलेल्या माणसाची.

पडद्यावरचे मकसूदभाई एक पाऊल बाजूला सरकले. अजीजुन्निसा दुसऱ्या बाजूला सरकली. दोघांमध्ये एका माणसाची जागा झाली.

पावलं थांबली.

त्या जागेत कुणी आलं नाही. मागची भिंत दिसत होती, भिंतीवरचं शेवाळ दिसत होतं.

छोट्या जन्नतने हात वर केला आणि मूठ मिटली, मुलं मोठ्यांचं बोट धरतात तशी. अजीजुन्निसाने पदर नीट केला. तरुण मकसूदभाईंनी मान वळवून त्या रिकाम्या जागेकडे बघितलं, काहीतरी ऐकलं, आणि ते हसले. मोकळेपणी, मान मागे टाकून. आपण असे हसतो हे मकसूदभाईंना ठाऊक नव्हतं.

मग चौघांनी समोर बघावं तसं तिघांनी समोर बघितलं.

फीत तुटली नाही. मशीनची चाकं एका लयीत फिरत होती. लॅपटॉपवर फाइल भरत होती. स्टुलावर बसलेल्या मकसूदभाईंचे डोळे भरून आले होते, आणि त्यांना भीती वाटत नव्हती. या माणसाला आपण कधी काही विचारलं नाही, एवढंच त्यांना वाटलं. हे आता दोघींना सांगावं, म्हणून ते दिवाणाकडे वळले.

दोघी टीव्हीकडे बघत होत्या. जन्नतने लांब केलेले पाय जवळ ओढून घेतले. अजीजुन्निसा पडद्यावरची नजर न काढता कडेला सरकली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

त्यांच्यामध्ये दिवाणावर थोडी जागा झाली. उन्हाचा पट्टा तिथवर पोचला होता. त्या उन्हात चादरीवरच्या चुण्या एकेक करून ताणल्या गेल्या, आणि गादी हळूच खाली बसली.